थोरलीच्या कडेवर

सात-आठ मुलांच्या घराचा विषय निघाला की माणसं आईपाशी येऊन थांबतात. "कसं केलं असेल हो त्या माउलीनं!" असं म्हणून सुस्कारा टाकतात आणि चहाकडे वळतात. खरं तर 'कसं केलं' हा अगदी व्यवहाराचा प्रश्न आहे. वीस माणसांच्या भाकरी थापताना दोन्ही हात पिठात असतात. चुलीपुढे रांगतं मूल सोडता येत नाही, आडावर तर नाहीच. मग त्या दोन-तीन तासांत मूल कुणाकडे असायचं? आजीकडे, असं आपण पटकन सांगतो. आजी असायची, पण तिचे गुडघे, तिचं सोवळं आणि आल्यागेल्याची उठबस यांतून ती मोकळी कधी व्हायची? मूल बहुतेक वेळ असायचं घरातल्या थोरल्या मुलीच्या कडेवर. तिचं वय सात असेल, फार तर दहा. मराठी घरांच्या आठवणींत ही मुलगी सगळीकडे दिसते, पण दाराच्या चौकटीत उभी असते तशी. कुणी तिला आत बोलावून विचारलेलं नसतं.

माझ्या मोठ्या आत्याला सगळे आक्का म्हणतात. पाठच्या सात भावंडांची ती आक्का, मग पुतण्याभाच्यांची, आता अख्ख्या गल्लीची. वय ऐंशीच्या पुढे, जन्म वाईतल्या एका वाड्यातला. दोन काका, दोन काकू, आजी, एक विधवा आतेआजी, शिकायला ठेवलेले दोन-तीन मुलगे, आणि आईची आठ. या लेखासाठी तुझ्याशी बोलायचंय म्हटल्यावर ती म्हणाली, "माझ्यावर काय लिहायचंय? वहिनीवर लिही. आठ बाळंतपणं काढली तिनं." वहिनी म्हणजे तिची आई. वाड्यात दीर वहिनी म्हणत, म्हणून मुलंही वहिनीच म्हणत. मी भुईमुगाच्या शेंगा सोलायला पुढ्यात ओढल्या. हाताला काम असलं की आक्काचं तोंड मोकळं होतं, हे मला ठाऊक होतं.

"पहाटे पाळणा हलायला लागला की माझा दिवस उजाडायचा. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि पाढे म्हणत बसायचं. पावकी, निमकी, दीडकी. बाळाला झोप लागायची आणि माझे पाढे पक्के व्हायचे." सव्वा महिन्यापर्यंत बाळाला न्हाऊ घालायला बाई येई. त्यानंतर आजी बाळाला पायांवर घेई आणि आक्का तांब्यानं पाणी घाली. पाणी किती कढत हवं हे कोपर बुडवून बघायचं, टाळूवर तेल जिरवायचं, न्हाणं झालं की ओवा आणि वावडिंगाची धुरी द्यायची, डोळ्यांत धूर जाणार नाही अशा बेतानं. मग गुटी. सहाणेवर एकेक औषध उगाळायचं आणि वेढे मोजायचे. आजी माजघरातून ओरडून सांगे, हिरड्याचे दोन, वेखंडाचा अर्धा, मुरुडशेंगेचा एक, जायफळाचा एकच, जास्त झालं तर पोर दिवसभर झोपेल.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! सागरगोटे खेळायचे असले की जायफळाचे दोन द्यायचे मी," आक्का म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. "आजीला कळायचं नाही असं नाही. पण तीही कधीतरी थोरलीच होती ना."

दुधाची वाटणी तिच्याकडे होती. रतिबाचं दूध मोजकं, तोंडं पुष्कळ. नुकतंच अंगावरून सुटलेलं मूल असेल त्याचा पेला आधी भरायचा. मग आजारातून उठलेल्याचा, मग पाच वर्षांच्या आतल्यांचा, तोही अर्धाच. परीक्षा असलेल्या मुलग्याला वाटीभर. उरलेल्यात पाणी घालून पुरुषांचा चहा. स्वतःसाठी काय, असं विचारल्यावर तिला प्रश्नच नीट कळला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "पातेलं खरवडायचे मी. खरवड छान लागते."

जेवण भरवण्याची तिची रीत ऐकून एखाद्या कारखान्याच्या फोरमननंही मान डोलवावी. तिघांना भिंतीला पाठ लावून ओळीनं बसवायचं. मऊ भात, मेतकूट, तूप एकाच ताटलीत कालवायचं आणि घास फिरवत न्यायचे. ज्याच्या तोंडात घास आहे त्याच्याकडे बघायचंच नाही, कारण बघितलं की तो बोलतो आणि बोलला की भांडण काढतो. ज्याला नको आहे त्याचा घास पुढच्याला द्यायचा, म्हणजे त्याला लगेच हवासा वाटतो. वेण्यांचंही तसंच. आक्का मधलीची वेणी घाली, मधली धाकटीची, धाकटी बाहुलीची. घरात गोवर शिरला तेव्हा तो एकामागून एक सगळ्यांना झाला. आक्काला आधीच येऊन गेला होता, म्हणून आजाऱ्यांच्या खोलीत ती एकटीच जा-ये करी. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

शाळेबद्दल विचारलं तेव्हा मात्र तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मला शाळेतून कुणी काढलं नाही हो. तसं लिहू नकोस. वडलांना शिक्षणाची आवड होती. पण धाकट्या विठूला डांग्या खोकला झाला, त्यात पंधरा दिवस गेले. मग वहिनीचं बाळंतपण. मग मी त्याला कडेवर घेऊन शाळेत गेले, तर बाई म्हणाल्या, हे काय पाळणाघर आहे? वर्ग हसला. मग नाही गेले." सातवीची परीक्षा तिनं पुढे घरून दिली आणि पास झाली. पाठच्या सातांपैकी दोन इंजिनिअर, एक डॉक्टर, दोघी शिक्षिका. आक्का हे अभिमानानं सांगते. मी ते ऐकताना निराळीच बेरीज करत होते.

त्या वाड्यात एका गोष्टीत ती सगळ्यांच्या पुढे होती. दिवाळीला छिटाचा एक अख्खा तागा यायचा आणि शिंपी ओटीवर बसून मुलींची परकर-पोलकी, धाकट्यांची झबली आणि उरलेल्या कापडातून उशांचे अभ्रेही शिवायचा. एरवी पाठच्यांना थोरल्यांचे उतरलेले कपडे. आक्काच्या अंगावर मात्र कपडा कायम नवा, कारण तिच्याआधी तो घालणारं कुणी नव्हतंच.

इरावती कर्व्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात एकत्र कुटुंबाची ओळख काही खुणांनी पटवली आहे: एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं जेवणं, मालमत्ता सामाईक असणं, कुळाचार एकत्र करणं. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले हे सांगतानाही चूल वेगळी झाली असंच म्हणतात. चुलीची वाटणी चोख असे. स्वयंपाकाच्या पाळ्या ठरलेल्या, धुण्याच्या ठरलेल्या, कोठीच्या चाव्या कुणाच्या कमरेला हेही ठरलेलं. मूल सांभाळण्याची पाळी मात्र कुणी लावल्याचं मला कुठल्याच घरात ऐकायला मिळालं नाही. मूल सगळ्यांचं होतं आणि जे सगळ्यांचं असतं ते शेवटी घरात ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याच्या वाट्याला येतं.

यात एक रीत भर घालायची, ती आज पटकन ध्यानात येत नाही. वडीलधाऱ्यांच्या देखत आपल्याच मुलाचे लाड करणं चांगलं दिसत नसे. बाप तर आपल्या वडलांसमोर स्वतःचं तान्हं उचलूनही घेत नसे. आईनंही मूल रडलं तरी आधी सासूकडे बघायचं. भावाच्या मुलाला खांद्यावर बसवून गावभर फिरवणारा काका स्वतःचं मूल रडताना वर्तमानपत्र वाचत बसे. या रिवाजाची भलामण करणारे म्हणतात की त्यामुळे आपपरभाव राहत नसे. असेलही. पण आईबापांनी राखलेलं हे अंतर कुणीतरी भरून काढावं लागे. बहीण कितीही लाड करो, तिला कुणी नावं ठेवत नसे.

ही झाली ओटी-माजघर असलेल्या घरांची गोष्ट. जिथे आईलाही पोटासाठी रानात जावं लागतं तिथे थोरलीचं काय होतं, हे महाराष्ट्रात नीट पाहिलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंचा जन्म १८९२चा. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या जोडीनं त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. त्यांचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झाल्या होत्या. पुढे शिकून शिक्षिका झालेल्या या बाईंनी उरलेलं सगळं आयुष्य या कामाला दिलं.

बोर्डीत पहिली अडचण अशी आली की बालवाडी छान होती, पण गरीब वस्तीतली मुलं तिथवर येईनात. तेव्हा बालवाडीच वस्तीवर गेली, कुणाच्या तरी अंगणात भरायला लागली. आज देशभर गावोगावी जी पाटी दिसते त्या अंगणवाडीचा हा उगम. १९५७ साली काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हललं, वारली पाड्यांच्या मध्ये. तिथे दुसरी अडचण आली. प्राथमिक शाळेच्या वयाची मुलं येत नव्हती, कारण मुलगे गुरं राखायला जात आणि मुलींच्या कडेवर भावंडं असत. आईबाप पहाटे कामावर गेलेले. शाळेत यायचं तर तान्ह्याला ठेवायचं कुठे?

'हे काय पाळणाघर आहे?' म्हणणाऱ्या वाईच्या शाळेतल्या त्या बाई आणि कोसबाडच्या या बायका यांच्यातला फरक इथं कळतो. कोसबाडला सांगितलं गेलं की भावंडाला घेऊनच या. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकत्र. बहिणीनं आल्या आल्या तान्हं पाळणाघरात द्यायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. मधल्या सुट्टीत बाळाला बघून यायचं. याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली, गुरं चरत असतील तिथंच वर्ग. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक शिक्षणाबद्दलचं म्हणून वाचलं जातं. घरकामाचं पुस्तक म्हणून ते वाचलेलं मला माहीत नाही, आणि खरं तर तसं वाचायला हवं. मुलीला शाळेत आणायचं असेल तर आधी तिच्या कडेवरचं मूल उतरवून घ्यावं लागतं, हे एवढ्या स्वच्छपणे दुसऱ्या कुणी मांडलेलं नाही.

मधल्या काळात मुलंच कमी झाली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांच्या वाट्याला टवाळी आणि पुढे 'समाजस्वास्थ्य' या मासिकामुळे खटले आले. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतात एका बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. महाराष्ट्रात हा आकडा १९९२-९३च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.९ होता, २०१९-२१च्या पाहणीत तो १.७वर आला. आता कित्येक घरांत थोरली आणि शेंडेफळ एकच. तेव्हा ही मुलगी इतिहासजमा झाली असं समजायला हरकत नव्हती.

पण दर वर्षी हंगाम जवळ आला की बीड, अहिल्यानगर, जालना भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, ज्वारीची पोती, कोपीसाठी, म्हणजे राहायच्या झोपडीसाठी, बांबू आणि मुलं. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. मजुरी टनावर. नवरा ऊस तोडतो, बायको पाला सोलून मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायला देते. पहाटे अंधारात कोपी सोडायची ती दिवसभर फडात, आणि गाडी रात्री आली तर रात्रीही भरायची. पाच-सहा महिने हे चालतं. जोडीतल्या बाईचं लहानगं मागं ठेवता येत नाही, ते अंगावर पीत असतं. म्हणून त्याला सांभाळायला थोरली बरोबर येते.

कराडजवळच्या एका फडाच्या कडेला अशी एक मुलगी भेटली. कोपीच्या दाराशी विटांची चूल, वर पत्र्याचा तवा, कडेवर वर्षाचं मूल. भाकरी थापताना तिनं त्याला पाठीवर घेऊन ओढणीनं बांधलं आणि थापटी सुरू केली. मूल तिच्या मानेपाशी केस ओढत होतं. ती मान न वळवता त्याच्याशी बोलत होती.

"माय कुठंय?"

"फडात. दुपारी येती ह्याला पाजाया."

"शाळेत जातेस?"

"सातवीत हाय की नाव."

नाव आहे, हे खरंच आहे. गावच्या हजेरीपटावर तिचं नाव असणारच. २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा देतो. बालमजुरीचा कायदा २०१६ साली बदलला तेव्हा घरच्यांना शाळेच्या वेळेबाहेर मदत करायला मुलांना मोकळीक ठेवली गेली. भाऊ सांभाळणं तर कुणाच्या लेखी मजुरीही नव्हे. मुकादमाला मी विचारलं, लहान मुलं आणूच नका असं सांगत का नाही? त्यानं शांतपणे हिशेब सांगितला. "पोर आणू नको म्हटलं तर बाई यायची नाही. बाई नाही आली तर माझा कोयता अर्धा. अन् पोरगी नाही आली तर बाई सारखी कोपीकडं पळणार. टन कसं भरायचं?"

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. हंगामी वसतिगृहं आहेत, आईबाप तोडीला गेले तरी मूल गावात राहून शिकावं म्हणून. संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली शासकीय वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, निम्मी मुलींची. चांगली गोष्ट आहे. पण वसतिगृह सातवीतल्या मुलीला आत घेतं, तिच्या कडेवरच्याला घेत नाही. म्हणून पुष्कळ घरांत निवाडा ठरलेला असतो: मुलगा वसतिगृहात, मुलगी टोळीबरोबर. कोसबाडला १९५७नंतर जो पेच सुटला तो इथं तसाच पडून आहे, कारण पाळणाघर एका खात्याकडे, शाळा दुसऱ्या खात्याकडे आणि ऊस तिसऱ्याकडे.

दिल्लीतल्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली माणसं दिवसाचा वेळ कुठे घालवतात याची देशभर पाहणी केली. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, दर अर्ध्या तासाची नोंद. २०२४च्या आकड्यांत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं देतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. १५ ते ५९ वयाच्या ज्या बायका घरातल्यांना सांभाळण्याचं काम करतात त्यांची त्यात १४० मिनिटं जातात, तशा पुरुषांची ७४. वर्तमानपत्रांत यावर बरंच लिहून आलं. मला त्यातला एक बारकावा लागून राहिला. ही पाहणी सहा वर्षांपासूनच्या माणसांची आहे. म्हणजे कडेवर मूल घेणारी मुलगी त्यात मोजली जाते. पण पाठीवर मूल बांधून भाकरी थापणाऱ्या मुलीचा तो अर्धा तास स्वयंपाकात लिहायचा की सांभाळण्यात? आणि सांभाळण्याच्या मिनिटांची बातमी झाली ती पंधराच्या पुढच्या बायकांची. कोपीतल्या त्या मुलीला पंधरा व्हायला अजून अवकाश होता.

हे वाचून गहिवरणाऱ्यांपेक्षा मला हिशेब करणारी माणसं जास्त हवी आहेत. कारखान्यांत बायका ठरावीक संख्येच्या वर असतील तर पाळणाघर सक्तीचं, असं १९४८च्या फॅक्टरी कायद्यानंच ठरवलं होतं. ऊसतोडीची बाई कारखान्यासाठीच राबते, पण ती कारखान्याच्या भिंतीबाहेर राबते आणि तिचा मालक कोण हे कागदावर कधी ठरत नाही. 'पाळणा' ही केंद्राची योजना २०२२पासून आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. पण अंगणवाडी सकाळ उजाडल्यावर उघडते आणि फड अंधारात सुरू होतो. टोळ्या उतरतात त्या जागी पहाटे चारला उघडणारं पाळणाघर लागेल, तेही सहाच महिने. टोळीतल्याच एखाद्या जाणत्या बाईला कोयत्याऐवजी पगारावर तिथं बसवायचं. दहा-पंधरा मुलं, एक पत्र्याची शेड, दूध, मऊ भात. त्याचा खर्च टनामागे किती पडेल, हे शेतकी विभागातल्या कुणालाही दुपारभरात मांडता येईल.

एका कारखान्यातल्या शेतकी अधिकाऱ्यापुढे मी हे बोलले. भला माणूस. स्वतःही सहा भावंडांतला, थोरल्या बहिणीनं वाढवलेला, असं त्यानं आपणहून सांगितलं. त्यानं टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढला, टोळ्या किती, मुलं साधारण किती, बाईचा पगार किती, असं लिहून काढलं आणि टनामागचा आकडा बघून म्हणाला, "अहो, हे तर काहीच नाही." मग थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला आणि त्यानं विचारलं, "पण मॅडम, हे टाकायचं कुठल्या हेडखाली?"